मुलांना घेऊन हॅलोवीनला कुठे जावं: स्लीपी हॉलो की क्रोटनचा ‘ब्लेझ’?

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर, एकमेकांपासून आठ-दहा मैलांवर दोन जुनी गावं आहेत. एक, स्लीपी हॉलो, बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराच्या गोष्टीचं. दुसऱ्यात, क्रोटनमध्ये, ‘ब्लेझ’ नावाच्या कार्यक्रमात सात हजारांहून जास्त कोरलेले भोपळे रात्री उजळतात. आम्ही दोन्हीकडे मुलांना नेलं आहे, तेव्हा थोरला दहाचा होता आणि धाकटी चारची. सासूबाईही बरोबर होत्या. माझं मत आधीच सांगून टाकते. घरातलं सगळ्यात लहान मूल सहाच्या आतलं असेल तर क्रोटन. मुलं आठ-नऊच्या पुढची असतील आणि हातात अख्खा दिवस असेल तर स्लीपी हॉलो.

स्लीपी हॉलोत तुम्ही कार्यक्रम बघायला जात नाही, गाव बघायला जाता. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगची त्या घोडेस्वाराची कथा 1820 साली छापून आली, पण गावाला हे नाव मिळालं ते 1996 मध्ये. तोवर ते नॉर्थ टॅरीटाउन होतं. त्याच वर्षी तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला आणि लोकांनी मतदान करून गोष्टीतलं नाव गावाला घेतलं. मला हे फार आवडतं. पोट भरणारा कारखाना गेल्यावर गावाने आपल्या गोष्टीचा हात धरला.

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या क्रांतियुद्धात तोफेच्या गोळ्याने शिर उडालेला एक हेसियन, म्हणजे ब्रिटिशांकडून लढणारा जर्मन, स्वार रात्री डोकं शोधत फिरतो आणि इकाबॉड क्रेन नावाच्या मास्तरचा पुलापर्यंत पाठलाग करतो. त्या पुलाशेजारचं चर्च खरं आहे. 1685 च्या सुमाराचं, दगडी, अगदी छोटं. जुना पूल आता नाही, तिथून रूट 9 ची गर्दी जाते. पण चर्चच्या आवारात झुकलेल्या लाल दगडांमधून चालताना थोरल्याने विचारलं, “मुंडकं नसलेला माणूस घोडा कसा चालवेल?” मी त्याला मुरारबाजींची गोष्ट सांगितली. पुरंदरच्या लढाईत शिर पडल्यावरही त्यांचं धड लढत राहिलं असं आपल्याकडे सांगतात. पुढचा अर्धा तास तो या दोघांचीच तुलना करत होता. दहा वर्षांच्या मुलाला हे गाव असं आतून हलवतं. चार वर्षांच्या मुलीला त्यातलं काहीच कळत नाही. ती फक्त दमते.

चर्चला लागूनच मोठी दफनभूमी आहे, 1849 सालची. अर्व्हिंग तिथेच चढावर पुरलेला आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीची समाधीही तिथेच. दिवसा फिरायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी कंदील घेऊन फिरवतात, त्याला तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. बरोबर आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर त्यांना आधी विचारा. “लेकरांना स्मशानात कशाला नेता?” हा प्रश्न आमच्याकडे गाडीतच आला, आणि तो मोडीत काढण्यासारखा मुळीच नाही. शेवटी सासूबाई बाहेर बाकावर बसल्या आणि आम्ही आळीपाळीने आत गेलो. आजही तिथे माणसं पुरली जातात, त्यांची माणसं फुलं घेऊन येतात, तेव्हा मुलांना आरडाओरडा करू नका म्हणून आधीच बजावून ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटाकडे संध्याकाळी गावात मिरवणूक निघते, घोड्यावरचा तो स्वारही येतो. मोठ्या मुलांना हे वर्षभर पुरतं. पण काळोखात इतक्या जवळून जाणारा घोडा बघून धाकटी माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून रडली, आणि परतताना गाडी एका जागी इतका वेळ अडकली की डब्यातले पोळीचे रोल तिथेच संपले. मिरवणुकीला जायचं तर गाडी घरी ठेवा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेच्या हडसन लाइनने शेजारच्या टॅरीटाउनला उतरायचं, खिडकी नदीच्या बाजूची धरायची.

आता क्रोटन-ऑन-हडसन. क्रोटन नदी हडसनला मिळते तिथे व्हॅन कोर्टलँट मॅनर हे जुनं घर आहे, आणि 2005 पासून तिथे ‘ग्रेट जॅक ओ’लँटर्न ब्लेझ’ भरतो. खरे आणि कृत्रिम असे दोन्ही भोपळे असतात, सगळे हातांनी कोरलेले. वाट ठरलेली, एकाच दिशेने जाणारी, साधारण तासाभराची. कुणी अंगावर धावून येत नाही. भीती अशी नाहीच, आहे तो नुसता उजेड.

धाकटीने पहिला भोपळा बघितला आणि ओरडली, “चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!” त्यानंतर प्रत्येक भोपळ्यात तिला म्हातारी शोधायची होती. एका मोठ्या भोपळ्याची कोरलेली कड मी जवळून पाहिली. साल पूर्ण कापलेली नव्हती, कुठे पातळ खरवडलेली, कुठे जाड ठेवलेली, त्यामुळे उजेडाच्या तीन-चार छटा दिसत होत्या. सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर घारग्यांसाठी लाल भोपळा किसला, त्याचं हे रूप त्यांना ठाऊकच नव्हतं.

अडचण तिकिटाची आहे. तारीख आणि वेळ ठरवून ते आधीच घ्यावं लागतं, ऑक्टोबरचे शनिवार-रविवार झपाट्याने भरतात आणि महागही असतात. चौघा-पाचांचं घर असेल तर आकडा जाणवतो. पाऊस असला तरी कार्यक्रम होतो, तेव्हा आभाळ बघून ठरवू म्हणाल तर चालणार नाही. नदीकाठचा वारा बोचरा असतो, मुलांच्या पोशाखाखाली स्वेटर घालाच.

पण क्रोटनची एक सोय स्लीपी हॉलोला नाही. ब्लेझ नोव्हेंबरातही चालू असतो. आपली दिवाळी बहुतेक वेळा याच दिवसांत येते. फराळ, पाहुणे, मंडळाचा कार्यक्रम, त्यात मुलांचं ट्रिक-ऑर-ट्रीट, म्हणजे दारोदार खाऊ मागत फिरणं. अशा वेळी नोव्हेंबरातला आठवड्यातला एखादा दिवस घ्या. गर्दी कमी, तिकीटही स्वस्त. स्लीपी हॉलोची सगळी मजा मात्र ऑक्टोबरातच आहे, हॅलोवीन झाल्यावर ते पुन्हा शांत गाव होतं.

दोन्ही एकाच दिवशी करू का, असं पुष्कळजण विचारतात. अंतर बघता जमतं. दुपारी चर्च, मग अंधार पडल्यावर, म्हणजे ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास, क्रोटन. मुलं दहाच्या पुढची असतील तर खुशाल करा. लहान असतील तर करू नका, ब्लेझच्या दारात पोचेपर्यंत ती खांद्यावर झोपलेली असतील आणि एवढ्या पैशांचे भोपळे तुम्ही एकटेच बघाल.

मुलांच्या वयात आमच्यासारखं अंतर असेल तर मी अशी वाटणी करीन: यंदा सगळ्यांनी मिळून ब्लेझ, आणि थोरल्याला घेऊन आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाने, ऑक्टोबरच्या एखाद्या मधल्या वारी ट्रेनने स्लीपी हॉलो. ब्लेझच्या तारखा आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्या त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, आणि तिकीट गणपतीचं विसर्जन झालं की लगेच काढून ठेवा.