दहा बाय चौदाच्या हॉलमधला ३.१ साउंडबार

टीव्ही जसजसे सडपातळ होत गेले तसतसा त्यांचा आवाज खुजा होत गेला, कारण त्यांतले छोटे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत पोहोचतात. आमच्याकडे आई मालिका पाहताना आवाज ४० वर नेत असे आणि जाहिरात लागली की घाईघाईने रिमोट शोधत असे. म्हणून सहा महिन्यांपूर्वी वायरलेस सबवूफरसह (खोल, घुमणाऱ्या आवाजांचा वेगळा खोका) ३.१ चॅनेलचा साउंडबार, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायची स्पीकरची लांबट पट्टी, घेतला. यातले ३ म्हणजे डावा, मधला आणि उजवा चॅनेल, आणि .१ म्हणजे सबवूफर.

मधला चॅनेल नसलेला २.१ सोडून ३.१ घेतला, हे बरे झाले. ५.१ (पाच चॅनेल आणि सबवूफर) साउंडट्रॅकमधले संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात आणि या बारमध्ये त्यासाठी स्वतंत्र स्पीकर असल्याने तेवढाच आवाज वाढवता येतो. तो दोन घरे वाढवल्यावर आईचे काम आता २२ वर भागते.

जोडणीसाठी आलेल्या माणसाने मात्र ऑप्टिकल केबल खोचली, ‘आवाज येतोय ना?’ असे विचारून सही घेतली आणि तो गेला. आवाज येत होता, पण स्ट्रीमिंग अ‍ॅप बहुधा पाठवतात तो डॉल्बी डिजिटल प्लस (अनेक चॅनेलच्या आवाजाचा एक प्रकार) या केबलमधून जातच नाही. पुढे मीच एचडीएमआयची केबल ‘एआरसी’ लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या) खाचेत लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएमच्या (त्यात दोनच चॅनेल जातात) जागी बिटस्ट्रीम (मूळ आवाज जसाच्या तसा) निवडले, तेव्हा कुठे मधला चॅनेल खऱ्या अर्थाने बोलू लागला. शिवाय टीव्हीच्या रिमोटनेच बारचा आवाजही कमी-जास्त होऊ लागला.

सबवूफरने जास्त छळले. कोपऱ्यात ठेवल्यावर शोकेसमधले काचेचे पेले थरथरत. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या जरा वर, आणि ४० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खालच्या सुराच्या, लहरीची अर्धी लांबी जवळपास तेवढीच असल्याने तो सूर आमच्या हॉलमध्ये घुमणारच होता. शेवटी सबवूफर सोफ्यावर ठेवून, गाणे लावून, मी फरशीवर रांगत कुठे ठोका घट्ट ऐकू येतो ते शोधले (घरच्यांची फुकट करमणूक झाली) आणि कोपऱ्यापासून तीन फुटांवर जागा पक्की केली. उघड्या फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा आल्यावर टाळ्यांचा चुरचुरीत प्रतिध्वनीही बराच निवळला.

सिनेमासाठी हा बार उत्तम आहे, गाण्यांसाठी मध्यम. गायकाचा गळा आणि पेटी स्वच्छ ऐकू येतात, पण डावे-उजवे स्पीकर एका मीटरच्या आत असल्याने साथीदार एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटतात. रात्रीसाठीचा मोड दणके आवरतो, मात्र त्याबरोबर तबल्याचा जीवही काढून घेतो. सगळ्यात त्रासदायक म्हणजे वीज जाऊन आली की सबवूफर कधीकधी बारशी पुन्हा जोडलाच जात नाही, आणि जोडणीचे बटण त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला आहे; आईला तिथवर वाकता येत नाही, त्यामुळे मी घरी येईपर्यंत मालिका ठोक्याविनाच चालते.