टॉवर कुलर की लिक्विड कुलर: नाशिकच्या धुळीत दोन्ही वापरल्यानंतर

संगणक तापतो, पंखे घोंघावतात आणि प्रोसेसर थंड ठेवणारा जुना कुलर बदलायचा असे एकदा ठरले, की बहुतेकांची निवड दोन पर्यायांवर येऊन थांबते: दोन पंख्यांचा मोठा टॉवर कुलर, ज्यात प्रोसेसरची उष्णता धातूच्या पातळ पट्ट्यांच्या मनोऱ्यात जाते आणि पंखे ती उडवून लावतात, किंवा 240 मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कुलर, ज्यात पंप ती उष्णता पाण्यावाटे नळ्यांतून रेडिएटरच्या पट्ट्यांपर्यंत नेतो. हे दोन्ही मी एकाच संगणकावर आणि एकाच खोलीत वापरले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये लिक्विड कुलर बसवला, ऑक्टोबर 2024 मध्ये तो काढून टॉवर बसवला आणि आजही तोच आहे. प्रोसेसर रायझन 7 5800एक्स, काम वास्तुविशारदांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रे रेंडर करण्याचे, म्हणजे संगणकाकडून तयार करून घेण्याचे, आणि घर नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ, जिथे गेली काही वर्षे कोणत्या ना कोणत्या इमारतीचे बांधकाम खिडकीतून दिसतच असते. या तीनही गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण त्यांपैकी एखादी वेगळी असेल तर निष्कर्षही काहीसा बदलू शकतो.

खरेदीपूर्वी एवढे मात्र करून पाहावे. कॅबिनेट उघडून धूळ काढावी, प्रोसेसर आणि कुलर यांच्यामधली थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलावी, आणि आवाज प्रोसेसरच्या पंख्याचाच आहे ना, याची खात्री करावी. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये पंख्यांचे फेरे दिसतात. प्रोसेसरचा पंखा संथ असतानाही आवाज येत असेल, तर तो ग्राफिक्स कार्डाचा किंवा एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीचा, असण्याची शक्यता अधिक, आणि मग या दोहोंपैकी कोणताही कुलर घेऊन उपयोग नाही.

आता तापमानाविषयी. लिक्विड कुलर संगणक बराच अधिक थंड ठेवील, अशी माझीही अपेक्षा होती. प्रत्यक्षात हिवाळ्यात पूर्ण भाराच्या रेंडरला लिक्विडवर 80 अंशांच्या आसपास राहणारा आकडा टॉवरवर 83-84 पर्यंत जातो, यापलीकडे फरक मला आढळला नाही. हे काटेकोर मोजमाप नव्हे, रोजच्या कामात पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे आकडे आहेत. मात्र त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. या प्रोसेसरचे आठही कोर, म्हणजे गणना करणारे भाग, सुमारे 80 चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपमध्ये आहेत आणि पूर्ण भाराला तो 142 वॉटपर्यंत वीज घेतो. एवढ्याशा जागेतून उष्णता निघून कुलरच्या तांब्याच्या तळापर्यंत पोहोचणे हीच खरी अडचण असते. ती एकदा तिथवर आली, की पुढे पाण्याने वाहून नेली काय किंवा हीट पाइपने नेली काय, फारसे बिघडत नाही. टॉवरच्या हीट पाइपमध्येही थोडा द्रव असतोच. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होऊन परत येते, आणि या फेऱ्यासाठी पंप लागत नाही.

दुसरी बाब ऋतूंची. यांपैकी कोणताही कुलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे खोली जितकी तापेल तितका पडद्यावरचा आकडा वर सरकतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर उतरतो, आणि त्या दिवसांत कोणताही कुलर उत्तमच वाटतो. मी लिक्विड कुलर नेमका त्याच दिवसांत घेतला आणि महिनाभर समाधानी होतो. मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या आसपास तापमान असताना बंद खोलीत दुपारी रेंडर लावला, तर दोन्ही कुलरांवर हा प्रोसेसर 90 अंशांच्या, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेच्या, उंबरठ्यावर जातो. त्यावरचा उपाय कुलरमध्ये नसून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. तिथे वीज मर्यादित ठेवणाऱ्या इको मोडमधील '65 वॉट' नावाचा पर्याय निवडला, की 142 वॉटऐवजी 88 वॉटची मर्यादा लागू होते; माझ्याकडे तापमान सत्तरीत येते आणि 40 मिनिटांच्या रेंडरला चार-पाच मिनिटे अधिक लागतात. एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत मी हाच पर्याय चालू ठेवतो.

आवाजाच्या बाबतीत लिक्विड कुलरचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पाणी सावकाश तापते, त्यामुळे एखादी मोठी फाइल उघडताना येणारा क्षणभराचा भार ते मुकाट्याने पोटात घेते आणि पंख्यांचा वेग वर-खाली होत नाही. टॉवरवर सुरुवातीला पंखे दर थोड्या वेळाने एकदम जोर धरत आणि सोडून देत, ते कानाला फार खटकत असे. वेग वाढवण्यापूर्वी पंख्याने काही सेकंद थांबावे, अशी सोय बायोसमध्ये असते. ती वापरल्यावर हा त्रास संपला. उलट लिक्विड कुलरमध्ये पंपाचा एक बारीक, अखंड सूर असतो. दिवसा रस्त्यावरच्या रहदारीत तो विरून जातो, रात्री अकरानंतर खोली शांत झाली की स्पष्ट ऐकू येतो. काहींना तो असह्य होतो. मला मात्र त्याची सवय झाली होती, आणि तेवढ्यावरून मी कुलर बदलला नसता.

बदलला तो धुळीमुळे. रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवला होता: सर्वांत पुढे जाळीचा फिल्टर, त्यामागे हवा आत ढकलणारे दोन पंखे आणि त्यांना अगदी चिकटून रेडिएटर. बहुतेक ठिकाणी तो असाच बसवून मिळतो. फिल्टर मी दर महिन्याला नळाखाली धुऊन, वाळवून परत लावत असे. पहिला उन्हाळा चांगला गेला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पंखे पुन्हा घोंघावू लागले. एप्रिल उजाडेपर्यंत साधे चित्र संपादित करतानाही त्यांचा वेग पूर्ण असायचा, आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीने दार लावून घ्यायला सुरुवात केली. फिल्टर स्वच्छ होता, कॅबिनेट आतून स्वच्छ होते, पंख्यांची पातीही पुसलेली होती. थर्मल पेस्ट बदलली, फरक पडला नाही. पंप निकामी होत चालला असावा, अशी माझी समजूत झाली.

दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी समोरची बाजू काढून बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाले, "साहेब, पंखे काढल्याशिवाय हे दिसणार नाही." त्यांनी आठ लांब स्क्रू काढले आणि पंखे रेडिएटरपासून सुटे केले. मागे रेडिएटरच्या तोंडावर करड्या धुळीचा थर बसला होता, इतका घट्ट, की त्यांनी नखाने एक कड उचलली तेव्हा तो चिंधीसारखा सलग निघून आला. त्यावर पंख्यांचे ठसे उमटले होते: दोन गोल, प्रत्येकाच्या मधोमध, जिथे पंख्याची मोटर असल्याने वारा लागत नाही, तिथे धातू बराच स्वच्छ राहिलेला, आणि भोवती जाड कडे. थर काढण्यापूर्वी त्यांनी बॅटरी मागून धरली तर उजेड पलीकडे येत नव्हता. काढल्यावर पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा दिसू लागल्या. त्याच संध्याकाळी मुलीच्या खोलीचे दार पुन्हा उघडे राहिले.

जाळीचा फिल्टर केस आणि मोठे तंतू अडवतो, सिमेंटची आणि मातीची बारीक धूळ त्यातून आरपार जाते आणि रेडिएटरच्या दाट पट्ट्यांवर अडकते. नाशिकच्या संध्याकाळी गार असल्याने आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो, भोवती बांधकामे आहेत, आणि अलीकडे सिंहस्थाच्या तयारीने रस्त्यांची खोदकामेही वाढली आहेत. जूनच्या आरंभी आवाज पुन्हा वाढला. या वेळी काम स्वतः करायचे ठरवले आणि अडचण तेव्हा नीट उमगली. आठ स्क्रू निघताच रेडिएटर आपल्या दोन नळ्यांवर लोंबकळू लागतो, तो एका हाताने धरून ठेवावा लागतो. परत लावताना पंख्यांसाठीचे लांब स्क्रू पंख्यातूनच गेले पाहिजेत, एखादा थेट रेडिएटरमध्ये घुसला तर आतली पातळ नळी फुटण्याची भीती असते. मला दीड तास लागला आणि तोही पत्नी शेजारी उभी राहिली म्हणून. जे काम करायला दीड तास आणि दुसरा माणूस लागतो, ते आपल्याकडून पुढे ढकलले जातेच. खंडेनवमीला पूजेसाठी संगणक स्वच्छ करताना मी काच पुसली, पाती पुसली, फिल्टर धुतला, हळद-कुंकू वाहिले, आणि खरी धूळ पंख्यांमागे तशीच आहे, हे मला ठाऊक होते. टॉवर घ्यायचे त्या दिवशी ठरले.

टॉवरचा पंखा तारेच्या दोन क्लिपांनी अडकवलेला असतो. क्लिप सोडवली, की तो हातात येतो आणि पट्ट्या समोर उघड्या पडतात. रंगकामाचा मऊ ब्रश वरून खाली फिरवायचा, ब्लोअरने हवा मारायची, आणि हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवायचे, म्हणजे पंखा भलत्या वेगाने गरगरत नाही. दहा मिनिटांत सारे आटोपते. याहून महत्त्वाचे म्हणजे पट्ट्यांच्या कडांवर साचणारी धूळ कॅबिनेटच्या काचेतून दिसते, आणि दिसते म्हणून वेळच्या वेळी काढलीही जाते. या सोयीचे मोल मला तापमानातल्या तीन-चार अंशांपेक्षा अधिक वाटते.

टॉवरचे दोषही सांगितले पाहिजेत. या वर्गातले कुलर सव्वा ते दीड किलोपर्यंत भरतात आणि तो सारा भार मदरबोर्डवर आडवा लटकतो. उंचीही बरीच असते: 2014 पासून बाजारात असलेला नॉक्टुआ एनएच-डी15 165 मिलिमीटरचा आहे, मी घेतलेला डीपकूल एके620 160 मिलिमीटरचा. काच बंद होणार नाही असे कॅबिनेट आजही विकले जातात, तेव्हा मोजून घ्यावे. रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची आणखी वाढते. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वीजजोडणी टॉवर बसवण्याआधीच करावी. नंतर तिथे बोटे पोहोचत नाहीत.

टिकाऊपणाविषयी मी सावधपणेच बोलेन, कारण माझा लिक्विड कुलर दोन वर्षांत बिघडलेला नाही. तरीही माझ्या टॉवरचा पंखा गेला तर 120 मिलिमीटरचा कोणताही चांगला पंखा त्या जागी चालतो आणि तोवर दुसरा पंखा काम सांभाळतो, तर पंप बंद पडला की तापमान काही क्षणांत मर्यादेला भिडते आणि संपूर्ण कुलरच बदलावा लागतो. मला लिक्विड सात हजारांच्या आसपास पडला, टॉवर पाच हजारांच्या. साध्या 65 वॉटच्या प्रोसेसरसाठी तर एका पंख्याचा दोन-अडीच हजारांचा टॉवरही बहुधा पुरेसा ठरावा.

म्हणून बंद, वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्यांनी किंवा अरुंद कॅबिनेट असणाऱ्यांनी लिक्विड कुलर घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. संगणक वरचेवर गावोगावी न्यावा लागत असेल, तर तोच अधिक योग्य, कारण दीड किलोचा टॉवर लावलेला संगणक घाटातून गाडीने नेणे धोक्याचे असते. खिडकी उघडी ठेवून काम करणाऱ्या माणसाला मात्र मी टॉवरच सुचवीन.

लिक्विडच घ्यायचा असेल, तर एक गोष्ट आग्रहाने सांगतो, जी मला फार उशिरा कळली. पंखे रेडिएटरच्या पुढे न लावता मागे लावावेत, म्हणजे ते हवा ढकलण्याऐवजी रेडिएटरमधून ओढून घेतील. थंडाव्यात किंचित फरक पडतो, पण धुळीचे तोंड उघडे राहते आणि एकही स्क्रू न काढता त्यावर ब्रश फिरवता येतो. माझा जुना लिक्विड कुलर आता पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडे आहे. तो सुट्टीत संगणक नाशिकला घेऊन येतो, त्याचे कॅबिनेटही अरुंद आहे. रेडिएटर आम्ही कॅबिनेटच्या छताला लावला, पंखे त्याच्या वर, हवा बाहेर फेकणारे. दिवाळीला तो आला तेव्हा आम्ही बाजूची काच काढून आत पाहिले. रेडिएटरच्या खालच्या तोंडावर धुळीची पातळ साय आली होती, आणि ती त्याने उभ्या उभ्या पाच मिनिटांत झाडून काढली.