बटणावरच ऑनक्लिक लिहायचं की स्क्रिप्टमधून लिसनर लावायचा?

पानावर बटण आहे, स्क्रिप्टमध्ये फंक्शन आहे, दोन्ही डोळ्यांना दिसतंय, तरी दाबलं की काही होत नाही. वेबचं काम करणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगापायी एखादी दुपार घालवलेली असते. बटण आणि फंक्शन यांची गाठ मारायच्या मुख्य जागा दोन. एक, टॅगमध्येच ऑनक्लिक लिहून त्यात फंक्शनचं नाव टाकायचं. दुसरी, टॅग कोरा ठेवून स्क्रिप्टमधून ॲडइव्हेंटलिसनर वापरून लिसनर, म्हणजे क्लिकची वाट पाहणारं फंक्शन, लावायचा. मी बरीच वर्षं पहिल्या पद्धतीने काम केलं, आता जवळजवळ सगळीकडे दुसरी वापरतो. का, ते सांगतो. पण पहिली पद्धत अडाणी आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

ऑनक्लिकच्या बाजूने आधी बोलू, कारण तिची बाजू हल्ली कुणी घेत नाही. जावास्क्रिप्ट पहिल्यांदा नेटस्केपमधून लोकांपुढे आली तेव्हापासून ही सोय आहे आणि ती आजही चालते. तिचा खरा फायदा वाचताना कळतो. दुसऱ्याने लिहिलेलं पान उघडलं, बटणाचा टॅग पाहिला, त्यात ऑनक्लिकपुढे ‘बिलछापा()’ असं दिसलं, की शोध संपला. लिसनरवाल्या पानात तोच टॅग मुकाट बसलेला असतो. त्याला कुणी, कुठल्या फाइलमधून, किती लिसनर लावलेत हे टॅग बघून कळत नाही. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये त्या बटणाचे लिसनर उघडून बघायचे, आणि तिथे बहुतेक वेळा एखाद्या लायब्ररीच्या आतल्या ओळीवर जाऊन पोचायचं.

दुसरा फायदा ‘धिस’चा, म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालतंय त्याकडे बोट दाखवणाऱ्या शब्दाचा. ऑनक्लिकमध्ये ‘कार्ट.ॲड()’ लिहिलं की आतल्या ‘धिस’चा अर्थ कार्टच राहतो. लिसनरला ‘कार्ट.ॲड’ नुसतं हातात दिलं की ते फंक्शन आपल्या घरापासून तुटतं आणि ‘धिस’ म्हणजे बटण होऊन बसतं. उपाय सोपा आहे, ॲरो फंक्शनमध्ये, म्हणजे बाणाचं चिन्ह वापरून लिहिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये, गुंडाळायचं. पण तो माहीत होईपर्यंत माणूस कार्टच्या कोडमध्ये चूक शोधत राहतो.

लिसनरकडे नव्याने येणारा हमखास तीन ठिकाणी आपटतो. पहिलं, फंक्शनच्या नावापुढे कंस: ‘सेव्ह’ द्यायचं तिथे ‘सेव्ह()’ दिलं, की पान उघडताच सेव्ह होऊन जातं आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. ऑनक्लिकमध्ये कंस हवेतच, इथे नकोत, त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे नडते. दुसरं, इव्हेंटचं नाव ‘क्लिक’ऐवजी ‘ऑनक्लिक’ लिहिणं. एरर नाही, इशारा नाही, लिसनर लागतो, फक्त त्या नावाचा इव्हेंट कधीच घडत नाही. तिसरं, स्क्रिप्ट वर हेडमध्ये आणि बटण खाली बॉडीमध्ये. स्क्रिप्ट धावते तेव्हा बटण अजून जन्मलेलंच नसतं, शोधणाऱ्या फंक्शनच्या हाती नल, म्हणजे ‘काही नाही’, येतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळ उमटते. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल तर तिच्या टॅगला डिफर (पान वाचून झाल्यावरच धाव, अशी सूचना) लावलं की हे संपतं. ऑनक्लिकला हा प्रश्न सहसा येत नाही, कारण फंक्शनचं नाव तिथे दाबण्याच्या क्षणी शोधलं जातं.

आणि नेमकं तेच शोधणं मला नडलं.

एका जुन्या पानावर हिशेबाचे काही रकाने होते, खाली एकूण रकमेचा रकाना, त्याचा आयडी ‘टोटल’. बेरीज करणाऱ्या फंक्शनचं नावही ‘टोटल’. बटणावर ऑनक्लिक, आत ‘टोटल()’. कित्येक महिने बिनबोभाट चाललं. मग कुणीतरी म्हणालं, एंटर दाबल्यावरही बेरीज व्हावी. म्हणून मी त्या सगळ्या रकान्यांभोवती फॉर्मचा टॅग घातला. बस, एवढंच केलं. बटण तेच, फंक्शन तेच, स्क्रिप्टची एक ओळही बदललेली नाही, आणि कन्सोल म्हणतोय: ‘टोटल इज नॉट अ फंक्शन’.

फंक्शन नाही म्हणजे काय? कन्सोलमध्ये हाताने ‘टोटल()’ लिहिलं, बेरीज झाली. बटण दाबलं, फंक्शन नाही. कॅशे रिकामी केली, फाइलचं नाव बदलून पाहिलं, दुसरा ब्राउझर उघडला. स्क्रिप्टमध्ये मला काही सापडणं शक्यच नव्हतं, कारण तिथे चूक नव्हती.

कारण असं की ऑनक्लिकमध्ये लिहिलेली ओळ सरळ ग्लोबल स्कोपमध्ये, म्हणजे सगळ्या पानाला दिसणाऱ्या नावांत, चालत नाही. ब्राउझर तिच्यातलं नाव आधी त्या बटणाच्या स्वतःच्या गुणधर्मांत शोधतो, मग बटण ज्या फॉर्ममध्ये आहे त्या फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे अख्ख्या पानाच्या ऑब्जेक्टमध्ये, आणि तिथेही नाही सापडलं तरच आपल्या ग्लोबल फंक्शनकडे येतो. फॉर्म तर आपल्या पोटातला प्रत्येक रकाना त्याच्या आयडीने किंवा नेमने ओळखतो. त्यामुळे फॉर्म आल्याबरोबर ‘टोटल’ म्हणजे बेरीज करणारं फंक्शन राहिलं नाही, रकमेचा रकाना झाला. रकान्याला कंस लावून हाक मारली तर तो फंक्शन नाही हे ब्राउझरचं म्हणणं अक्षरशः खरंच होतं!

यात निदान एरर तरी आली. काही महिन्यांनी दुसऱ्या पानावर याच रोगाचा मुका प्रकार भेटला. रकाने रिकामे करणाऱ्या फंक्शनला मी सरळ ‘क्लिअर’ नाव दिलं होतं. बटण दाबलं, काही नाही. कन्सोल कोरा. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर कोड थांबवणारा ब्रेकपॉइंट लावला, तिथे कोणी पोचतच नाही. डॉक्युमेंटला ‘क्लिअर’ नावाची स्वतःची एक जुनीपुराणी मेथड, म्हणजे अंगभूत फंक्शन, आहे आणि तिने काहीही करायचं नाही, असं स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे. माझी हाक तिच्या कानावर जात होती आणि ती नियमाला धरून गप्प बसत होती. ‘क्लोज’चंही तेच: पॉपअप बंद करणाऱ्या फंक्शनला हे नाव दिलं तर ऑनक्लिकमधून हाक डॉक्युमेंटच्या ‘क्लोज’ला जाते. ‘ओपन’चं त्याहून वाईट, कारण डॉक्युमेंटचं ‘ओपन’ गप्प बसणारं नाही, ते अख्खं पान पुसून टाकू शकतं. ‘ॲनिमेट’ नाव दिलंत तर बटणाचंच ‘ॲनिमेट’ पुढे येतं.

ही भानगड ब्राउझर बनवणाऱ्यांना माहीत नाही असंही नाही. ‘रिमूव्ह’, ‘अपेंड’ वगैरे मेथड पुढे आल्या तेव्हा जुनी पानं मोडू नयेत म्हणून ही नावं या शोधातून मुद्दाम वगळली गेली. म्हणजे ‘रिमूव्ह’ नाव चालतं आणि ‘क्लिअर’ चालत नाही. आता ही यादी कोण पाठ करणार? आणि उद्या एखादी नवी मेथड आली तर आजचं चालू नाव उद्या बंद पडणार नाही याची खात्री मला तरी वाटत नाही.

लिसनरमध्ये हा शोधच नाही. फंक्शन ज्या फाइलमध्ये लिहिलं तिथल्या साध्या स्कोपच्या नियमाने नाव सापडतं, आणि नाव चुकलं तर लिसनर लावतानाच, म्हणजे पान उघडल्याउघडल्या एरर येते. दाबेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला होता. बाकीची कारणं नंतर सापडत गेली.

त्यातलं एक मोठं कारण म्हणजे मॉड्यूल. 2018 पर्यंत सगळ्या मुख्य ब्राउझरांत मॉड्यूल चालू लागले. जुन्या स्क्रिप्टच्या टॅगला टाइप मॉड्यूल केलं की आतली फंक्शनं त्या फाइलपुरती राहतात, ग्लोबल होत नाहीत. मग बटणावरच्या ऑनक्लिकला ती दिसत नाहीत आणि ‘इज नॉट डिफाइन्ड’ येतं. फंक्शन विंडो या ग्लोबल ऑब्जेक्टवर टांगून हे सोडवता येतं. पण ग्लोबल नावांचा पसारा नको म्हणूनच तर मॉड्यूल घेतले होते. तुमचा प्रकल्प मॉड्यूलमध्ये जाणार असेल तर खरं म्हणजे निवड करायला फारसं काही उरतच नाही.

दुसरं, माहिती पोचवणं. यादीतल्या प्रत्येक ओळीवर ‘बदला’ असं बटण आहे आणि त्याला त्या माणसाचं नाव द्यायचंय. ऑनक्लिकमध्ये ते नाव अवतरणात बसवावं लागतं. मग एक दिवस अपॉस्ट्रॉफीवालं आडनाव येतं आणि ती एकच ओळ मोडते, बाकी शंभर चालतात. सर्व्हरकडून एचटीएमएलसाठी एस्केप करून, म्हणजे खास चिन्हं सांकेतिक रूपात बदलून, पाठवलं तरी भागत नाही, कारण ब्राउझर आधी एचटीएमएल उलगडतो आणि मग उरलेलं जावास्क्रिप्ट म्हणून वाचतो, तोवर अपॉस्ट्रॉफी परत आपल्या जागी आलेली असते. दोनदा, दोन वेगळ्या भाषांसाठी एस्केप करावं लागतं. कुणी मुद्दाम वाकडं नाव टाकलं तर हीच फट सुरक्षेची होते. लिसनरच्या बाजूला नाव किंवा आयडी टॅगवरच्या डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये ठेवायचा आणि स्क्रिप्टमध्ये डेटासेटमधून वाचायचा. एकदाच एस्केप, विषय संपला. फक्त डेटासेटमधून आलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते हे विसरू नका. पाचात एक मिळवल्यावर एक्कावन्न आले की आठवेलच.

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानावर कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या याचे नियम, लावलेल्या साइटवर तर बोलायलाच नको. पॉलिसी कडक असेल तर ऑनक्लिक चालतच नाही, आणि स्क्रिप्टच्या टॅगला देतो तसा नॉन्स (एकदाच वापरायचा परवानगीचा कोड) देऊनही त्याला आत घेता येत नाही.

लिसनरविरुद्धची सगळ्यात वजनदार तक्रार मात्र खरी आहे: नंतर जोडलेल्या ओळींवर तो नसतो. पान उघडताना दहा ओळी होत्या, दहांना लिसनर लागला, अकरावी ओळ सर्व्हरवरून आली, तिचं बटण मुकं. ऑनक्लिकवाली ओळ आपला कॉल बरोबर घेऊनच येते. काही जण यावर प्रत्येक वेळी सगळ्या बटणांना पुन्हा लिसनर लावतात. तेव्हा तेच फंक्शन नावाने दिलं असेल तर दुसऱ्यांदा लागत नाही, पण जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन असेल तर प्रत्येक वेळी नवं धरलं जातं. मग एका दाबात चार नोंदी.

मी हे असं करतो: लिसनर बटणावर नाही, त्या यादीच्या बाहेरच्या डब्यावर एकच लावतो. क्लिक बुडबुड्यासारखा वर येतोच, तिथे पकडायचा. प्रत्येक बटणावर डेटा-ॲक्शन ठेवतो, त्यात ‘बदला’, ‘काढा’ असे शब्द, आणि स्क्रिप्टमध्ये त्या शब्दांपुढे कुठलं फंक्शन हे एका ऑब्जेक्टमध्ये. अकरावी ओळ काय, हजारावी काय, काही लावावं लागत नाही. आणि टॅग वाचून कुठलं काम होणार हेही कळतं, म्हणजे ऑनक्लिकचा तो वाचण्याचा फायदा बऱ्यापैकी परत मिळतो. एक खाच आहे. बटणात आयकॉन असेल तर टार्गेट म्हणून, म्हणजे नेमकं जिथे दाबलं ते म्हणून, आयकॉन हाती येतो, बटण नाही. म्हणून टार्गेटवर थेट न विसंबता क्लोझेस्ट वापरून वर बटणापर्यंत चढायचं. फोकस आणि ब्लर (रकान्यात शिरणं आणि बाहेर पडणं) हे इव्हेंट वर येत नाहीत, त्यांच्याऐवजी फोकसइन आणि फोकसआउट घ्यायचे.

जुनं ऑनक्लिक काढून लिसनर लावताना आणखी एक गोष्ट पाहा. ऑनक्लिकच्या शेवटी ‘रिटर्न फॉल्स’ असेल तर ते फॉर्म सबमिट होणं किंवा लिंक उघडणं थांबवत होतं. लिसनरमध्ये ‘रिटर्न फॉल्स’ला कुणी विचारत नाही, प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहावं लागतं. ते राहिलं की फंक्शन धावतं, लगेच पान पुन्हा लोड होतं, आणि फंक्शन कॉलच झालं नाही असं वाटतं. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नसेल तर ते सबमिटचंच बटण असतं. हा घोळ दोन्ही पद्धतींत सारखाच.

स्क्रिप्टमधून ‘बटण.ऑनक्लिक’ला फंक्शन देण्याचा तिसरा मार्ग आहे. तिथे एका वेळी एकच फंक्शन राहतं, दुसऱ्याने दिलं की पहिलं गेलं. एकट्याच्या पानात चालून जातं. रिॲक्ट या लायब्ररीमधलं ऑनक्लिक दिसायला टॅगवरचं असलं तरी आतून ते वेगळं आहे, वरची नावांची भानगड तिथे नाही, तेव्हा ते पाहून इथलं ठरवू नका.

एका पानाचा, दोन बटणांचा, उद्या फेकून द्यायचा नमुना असेल तर मीही अजून ऑनक्लिकच लिहितो. फक्त फंक्शनला दोन शब्दी नाव देतो, ‘रकानेक्लिअर’ असं काहीतरी. ते हिशेबाचं पान अजून चालू आहे. त्यातली तीन ऑनक्लिक मी तशीच ठेवली आहेत, कारण ती ज्या एचटीएमएलमध्ये आहेत ते दुसऱ्याच एका जुन्या प्रोग्रॅममधून तयार होऊन येतं. त्या तिघांची फंक्शनं विंडोवर टांगलेली आहेत आणि वर एका ओळीची कॉमेंट आहे: या नावाचा रकाना फॉर्ममध्ये करू नये.