वॉर्डात ९ वर्षं, लॅबमध्ये १४ महिने

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून ९ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली २ लेबर रूमला. मग पोस्ट बेसिक बीएस्सीला, म्हणजे डिप्लोमानंतरच्या नर्सिंगच्या डिग्रीला, प्रवेश घेतला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात बाहुल्यांशी खेळायला जाणार का?" कॉलेज नाशिकमधलंच आहे. नाव लिहीत नाही, शेवटची परीक्षा अजून बाकी आहे. पण प्रवेशाच्या दिवशी पालकांना फिरवून दाखवतात ती लॅब वेगळी आणि रोज वापरावी लागते ती वेगळी. १४ महिने दुसरी वापरल्यावर हे लिहितेय.

सासूबाई तशा चुकीचं बोलल्या नव्हत्या. नर्सिंगची पहिली डमी, 'मिसेस चेस', १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलसाठी बनवली ती मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, शिकवणारी 'रेससी ॲन' १९६० साली आली, तीही नॉर्वेतल्या लार्डाल या खेळणीवाल्याकडून. आमच्या फंडामेंटल, म्हणजे नर्सिंगची मूलभूत कामं शिकवणाऱ्या, लॅबमधल्या डमीला मुली 'मावशी' म्हणतात. मावशीच्या डाव्या पायाचा अंगठा गायब आहे. बेडमेकिंग, स्पंजिंग, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), दिवसभरात सगळं सोसते बिचारी.

माझी पहिल्यांदा जिरली ती सीपीआरच्या डमीवर. वॉर्डात कितीदा सीपीआर दिलाय त्याचा हिशोब नाही, त्यामुळे पोरींना दाखवायला मीच पुढे झाले. त्या डमीला दिवे आहेत. दाब ५ ते ६ सेंटिमीटर आत गेला आणि मिनिटाला १०० ते १२० चा वेग राहिला की हिरवा लागतो. माझा काही केल्या लागेना. वॉर्डात आपण गादीवर दाबतो, निम्मा जोर गादीच खाते, आणि दाब कमी पडतोय हे सांगायला पेशंट शुद्धीवर नसतो. गुडघे टेकून, कोपर न वाकवता, खांद्यातून वजन टाकलं तेव्हा कुठे हिरवा आला. आणि थोड्याच वेळात परत गेला. दर २ मिनिटांनी माणूस बदला असं पुस्तकात का लिहिलंय ते त्या दिवशी खांद्यांना कळलं. एवढ्या एका डमीसाठी मी या लॅबला पैकीच्या पैकी मार्क देईन.

सलाईन लावायला शिकवणाऱ्या नकली हाताला मात्र नाही. रबरी कातडं, आत नळ्या, नळीत लाल रंगाचं पाणी. मी आले तेव्हाच कोपराजवळ आणि मनगटावर सुयांची इतकी भोकं होती की शीर चाचपायची गरजच पडत नव्हती. जुनं भोक दिसलं की घाला सुई, आलं रक्त! मुली चेकलिस्टमध्ये टॉर्निकेट बांधण्यापासून सुईच्या डब्यापर्यंत सगळ्यावर टिक मिळवायच्या आणि वॉर्डात पहिल्याच पेशंटला ३ ठिकाणी टोचून रडकुंडीला यायच्या. वर हात गळायचा. खाली मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, घातला तरी प्रॅक्टिकल संपेपर्यंत चादर गुलाबी झालेली. नव्या कातड्याचं इंडेंट (मागणीपत्र) दिलंय, असं उत्तर ११ महिने ऐकलं.

सगळ्यात महागडं मॅनिकिन एसीच्या खोलीत असतं. पापण्या मिटतं, छाती वरखाली होते, नाडी लागते, मॉनिटरवर ठोके दिसतात. ते चालवायचं ट्रेनिंग घेतलेल्या ट्यूटर नोकरी सोडून गेल्या, त्यामुळे १४ महिन्यांत आमच्या वाट्याला ते तीनदा आलं. स्पीकरमधून बोलतंही, पण इंग्रजीत. आपला पेशंट "जीव घाबरा होतोय" म्हणतो, "पोटात कसंतरी होतंय" म्हणतो, नाहीतर काहीच म्हणत नाही आणि नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, बघा ना हे कसं करतायत."

मला विचाराल तर या इमारतीतली सगळ्यात मोलाची वस्तू पत्र्याच्या कपाटात एका पिशवीत आहे. 'मामा नॅटली' म्हणतात तिला. पोट आणि मांड्यांवर पट्ट्यांनी बांधायचं एक कापडी-रबरी पोट, आत बाहुली, वार आणि नकली रक्ताची पिशवी. कोणीतरी जिवंत बाईने ते अंगावर बांधायचं आणि बाळंतीण व्हायचं. आमच्याकडे ओबीजीच्या, म्हणजे बाळंतपण शिकवणाऱ्या, मॅडम स्वतः बांधतात आणि अस्सल ओरडतात. "आई गं", "माझ्या आईला बोलवा", "अगं, हात किती गार तुझा!"

पहिल्या खेपेला आम्ही तिघी होतो. बाळ आलं, एकीने घेऊन कोरडं केलं, दुसरीने मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं औषध, १० युनिट मांडीत दिल्याचं सांगितलं, मी वार काढली. वार निघाली तरी रक्त थांबेना. मी वरून पोट चोळायला घेतलं, गर्भाशय घट्ट होईपर्यंत चोळलं, पॅड बघून रक्ताचा अंदाज सांगितला. मनात म्हटलं, चला, लेबर रूममधली २ वर्षं कामी आली. मॅडम उठून बसल्या, पट्टे सोडले आणि विचारलं, "मी बोलायची कधी थांबले?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. मोबाईलवरचं शूटिंग लावलं. बाळ रडलं, आम्ही तिघी हसलो, आणि तिथून पुढे मॅडम गप्प. मान एका बाजूला कलंडलेली, डोळे मिटलेले. ४ मिनिटं त्यांच्या तोंडाकडे एकीनेही पाहिलं नव्हतं. आम्ही सगळ्या खालीच बघत होतो. रात्री मला आमच्या जुन्या लेबर रूममधल्या काही बायका आठवत राहिल्या. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी मावशीपेक्षा वर्गातल्या मुलीलाच कॉटवर झोपवते. कुशीवर वळवताना नख लागलं तर ती लगेच "ए!" म्हणते. मावशी नाही म्हणत.

न्यूट्रिशन लॅबमध्ये गॅस, ओटा, वजनकाटा सगळं चांगलं आहे. पण जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, कस्टर्ड आणि सूप! कम्युनिटी पोस्टिंगला पेठ आणि त्र्यंबकच्या पाड्यांवर गेलो तर घराघरात नागलीची भाकर. गरोदर बाईला कस्टर्ड सांगून काय करू? भांडून नागलीचे लाडू आणि आंबील जर्नलमध्ये घालून घेतली. भाकरी मात्र मलाच थापावी लागली, शहरातल्या मुलींच्या तुकडे पडत होते.

लायब्ररी बरी, पंखे हळू. कॉम्प्युटर लॅबचं फार काही सांगण्यासारखं नाही.

प्रवेशाला येणाऱ्यांनी डम्या मोजू नका. लॅबची किल्ली कोणाकडे असते आणि किती वाजेपर्यंत, ते विचारा. आमच्याकडे ४ ला कुलूप लागायचं. हॉस्टेलच्या मुलींनी अर्ज दिल्यावर परीक्षेआधी ७ पर्यंत उघडी ठेवायला लागले, रजिस्टरवर सही करून. त्या ३ तासांत ट्यूटर नसते, चेकलिस्ट नसते, आणि खरा हात तेव्हाच बसतो. जमलं तर रजिस्टरही चाळून बघा.

बाकी, मागच्या महिन्यात सलाईनच्या हाताला नवीन कातडं आलं. गुळगुळीत, एकही भोक नाही. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाला शीर सापडली नाही. मला दुसऱ्या प्रयत्नात सापडली.