तिजोरीसाठी कर: दारूवर की सिगारेटवर?

मंत्रालयातून पाहिलं तर दारूच उजवी. ती जीएसटीबाहेर, उत्पादन शुल्क आणि व्हॅट दोन्ही राज्याच्या हातात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला. १८० मिलीची अशी विदेशी बाटली किमान २०५ रुपये, देशी ८०. परवडेनासं झालं की पिणारा सोडत नाही, देशीवर उतरतो. शिवाय दमण काही लांब नाही. स्वस्त बाटल्या पालघरमार्गे येतातच.

सिगारेटचा दर ठरतो दिल्लीत, राज्याला नुसता वाटा. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे म्हणे! दादर स्टेशनबाहेर टपरीला दोरीने टांगलेला लायटर मग कशासाठी? पाकीट महागलं की सुटीचा भाव रुपया-दोन रुपये चढतो, गिऱ्हाईक कुरकुरतं आणि पेटवतं.

तरी आरोग्याचा विचार केला तर मी सिगारेटवरच कर वाढवेन, फक्त विडीलाही त्यात धरून. सध्या उलटंच चाललंय: सिगारेटला ४० टक्के जीएसटी आणि विडीला २८ वरून १८.