नऊ महिने फक्त 'फॉलोइंग' फीड: वापरानंतरचा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी मी एकच बदल केला. अकाउंट बंद केलं नाही, अ‍ॅप काढून टाकलं नाही. फीड फक्त 'फॉलोइंग'वर टाकलं. मी ज्यांना फॉलो करते त्यांच्याच पोस्ट, ताजी सगळ्यात वर. सोशल मीडियामुळे समाज बिघडतोय का, यावरून धाकट्या भावाशी माझं कायम वाजायचं. तो म्हणायचा, माणसंच तशी आहेत, अ‍ॅप काय करणार? मी म्हणायचे, सगळा दोष अल्गोरिदमचा, म्हणजे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा. म्हटलं, वापरूनच बघू.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हे फीड संपतं. वीस-पंचवीस पोस्ट झाल्या की काल पाहिलेला फोटो समोर येतो आणि अंगठा आपोआप थांबतो. डिझायनर अझा रास्किन यांनी 2006 साली इन्फिनिट स्क्रोल, म्हणजे कधीच न संपणारं पान, तयार केलं आणि पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ती खंत कशाची, हे मला आत्ता कळलं. फोन आधी रोजचे दोन तास दाखवायचा, आता पाऊण तासाच्या आसपास. या एका गोष्टीसाठी मी हे सेटिंग कुणालाही सुचवेन.

अनोळखी लोकांची भांडणंही दिसेनाशी झाली. रात्री झोपताना डोक्यात कुणाशी तरी वाद चालू असायचा, तो थांबला.

पण दुसऱ्या महिन्यात त्रास सुरू झाला. ज्यांना दिवसाला पंधरा-पंधरा पोस्ट टाकायची सवय आहे, अशा तीन-चार ओळखीच्या लोकांनी फीड व्यापून टाकलं. त्यात खातरजमा न केलेले आरोग्याचे सल्ले आणि राजकीय फॉरवर्ड भरपूर. आणि याच काळात एका जुन्या मैत्रिणीची आई गेली. ती वर्षातून एक-दोनदाच काहीतरी लिहिते. तिने रात्री उशिरा चार ओळी टाकल्या आणि सकाळपर्यंत त्या या ढिगाखाली गेल्या. मला अकरा दिवसांनी समजलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्या पोस्टखाली इतक्या लोकांनी लिहिलं होतं, की जुन्या फीडने ती नक्कीच वर आणली असती. याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर एक संशोधन वाचनात आलं. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी मेटा कंपनीबरोबर एक प्रयोग केला: तिच्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांना तीन महिने कालक्रमानुसार फीड दिलं. 2023 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. लोकांचा अ‍ॅपवरचा वेळ बराच घटला, फेसबुकवर असभ्य मजकूर कमी दिसला. मात्र राजकीय आणि बेभरवशाच्या स्रोतांकडून आलेला मजकूर वाढला. राजकीय ध्रुवीकरणात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. माझ्या फीडचंच वर्णन वाचतेय असं वाटलं. माझी राजकीय मतंही या नऊ महिन्यांत तसूभर हललेली नाहीत.

भाऊ म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, ताई!"

मला ते पटत नाही. फीड माझं बदललं, पोस्ट लिहिणाऱ्यांचं नाही. ते अजूनही अल्गोरिदमला आवडेल असंच लिहितात: पहिल्या ओळीत संताप, मधे कुणालातरी टोला, शेवटी 'सहमत असाल तर शेअर करा'. माझी मावशी प्रत्यक्षात किती मऊ बोलते, पण तिथे तिची भाषा धारदार होते, कारण तशाच पोस्टला लाइक येतात हे ती इतक्या वर्षांत शिकली आहे. एकट्या माणसाने सेटिंग बदलून ही सवय मोडत नाही. तीन महिन्यांच्या प्रयोगात तरी ती कशी मोडावी?

एक तक्रार मात्र थेट अ‍ॅपबद्दल. उघडलं की दर वेळी पुन्हा 'तुमच्यासाठी', म्हणजे अल्गोरिदमने निवडलेलं फीड, समोर. रोज नव्याने दोनदा टॅप करावं लागतं आणि दमलेल्या दिवशी ते राहूनच जातं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार प्रोफायलिंगवर, म्हणजे वापरणाऱ्याच्या सवयी-आवडींच्या नोंदींवर, न चालणारा निदान एक पर्याय देणं मोठ्या प्लॅटफॉर्मना बंधनकारक आहे. असा पर्याय सगळीकडे हवा, आणि एकदा निवडला की तो टिकायलाही हवा.

जुन्या फीडकडे मी परत जाणार नाही. क्वचित लिहिणाऱ्या अकरा जणांची 'फेव्हरिट्स'मध्ये वेगळी यादी केली आहे. सकाळी आधी ती उघडते, बाकीचं नंतर. मैत्रिणीचं नाव त्यात पहिलं टाकलं.