‘पीटर अँड द वुल्फ’: निवेदक नाही, तरी गोष्ट कळते

रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची पीटर नावाच्या मुलाची ही संगीतकथा मी आजवर फक्त ऐकत आले होते. मुलांना वाद्यांची ओळख व्हावी म्हणून त्याने ती १९३६ साली लिहिली. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर क्लॅरिनेट, कुरकुरे आजोबा बॅसून, आणि लांडगा आला की एकदम तीन हॉर्न. मूळ रचनेत निवेदक गोष्ट सांगतो. दिग्दर्शिका सुझी टेम्पलटनने ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीसाठी २००६ साली केलेल्या स्टॉप-मोशन आवृत्तीत निवेदक नाही, संवादही नाहीत. अर्ध्या तासाच्या आसपास फक्त बाहुल्या, आवाज आणि संगीत.

सुरुवातीला तर संगीतही नाही. बराच वेळ नुसती शांतता, त्यात हिवाळ्यातले बारीकसारीक आवाज. आपण प्रोकोफिएव्हची धून ऐकायला कान टवकारून बसतो, म्हणून ती आली की अंगावर काटा येतो. लहान मुलांच्या टीव्हीवर एवढा धीर धरणारं काही मी पाहिलेलं नाही.

पीटरचा चेहरा फारसा हलत नाही, सगळं काम डोळे करतात. दर फ्रेमला बाहुली किंचित हलवायची आणि फोटो घ्यायचा, अशा कामात नजर कुठे वळते हेसुद्धा कुणीतरी हाताने ठरवलेलं असतं. ते इथे जाणवतं. पक्ष्याचं बघा. त्याला धड उडता येत नाही, म्हणून तो फुग्याच्या आधाराने वर जातो. फुगा एकीकडे ओढतो, पक्षी दुसरीकडे, आणि खाली बासरी आपली मजेत भिरभिरते. हा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

बदकाला लांडगा खातो, तिथे मात्र जपून. शेजारी बसलेली भाची म्हणाली, “मावशी, बदक परत येणार ना?” मूळ कथेत ते लांडग्याच्या पोटातून ओरडताना ऐकू तरी येतं, तो दिलासा इथे शोधू नका.

मला खटकलं ते गावातल्या दांडगट पोरांचं चित्रण. मूळ कथेतले शिकारी म्हणजे इथे हीच पोरं. त्यातला एक पीटरला कचऱ्याच्या डब्यात फेकतो, वर बंदूक रोखतो. तो वाईट आहे हे पहिल्या क्षणीच कळतं, आणि शेवटपर्यंत तो तेवढाच राहतो. बाकी सगळ्यांना इतकं बारकाईने घडवल्यावर हा एवढा सरधोपट का?

तरी त्याचा उपयोग शेवटी होतो. मूळ कथेत पकडलेल्या लांडग्याची मिरवणूक प्राणिसंग्रहालयाकडे जाते. इथे आजोबा पिंजऱ्यातला लांडगा विकायला गावात आणतात, आणि तोच पोरगा पिंजऱ्यात बंदूक खुपसतो. पीटर त्या पोरावर जाळं टाकतो, कुलूप काढतो, लांडग्याच्या डोळ्यांत बघतो आणि दोघं शेजारी शेजारी गर्दीतून चालत निघतात. संगीत तेच ठेवून विजयाचा अर्थच फिरवलाय, आणि मला तो मूळ शेवटापेक्षा जास्त पटला.

बाहुल्यांचं काम पोलंडमधल्या लोद्झच्या से-मा-फोर स्टुडिओत झालं, आणि २००८ मध्ये याला लघु अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना एकटं बसवू नका, जवळ बसा. आणि मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर तर मुळीच बघू नका, हॉर्नच ऐकू येणार नाहीत.